मेल्विनाचा साडो

कार्मेलिनाची कातर अडली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्यात कोणाचं चुकलं असं म्हणता येणार नाही. साडो कापताना कातर अडावीच लागते, तसा रिवाज आहे.

कार्मेलिना माझी शेजारीण. माहेर गोव्यातलं, शिवोलीचं. लग्न होऊन आमच्या वाडीत आली ती शिवणाचं मशीन घेऊनच, आणि तेव्हापासून मालवणच्या या अंगाच्या ख्रिस्ती मुलींच्या लग्नाचे कपडे तिच्याच हातचे. आम्हा हिंदू बायकांचे ब्लाउजही तीच शिवते. माप घेताना आपल्या वाढत्या घेराबद्दल चार शब्द ऐकवल्याशिवाय ती टेप सोडत नाही. तरी आम्ही तिच्याकडेच जातो, कारण दुसरीकडे गेलो तर ती बोलणं टाकते, आणि कार्मेलिना गप्प बसली की वाडीला करमत नाही.

साडो म्हणजे नवरीचा लाल पोशाख. चर्चमध्ये पांढरा गाऊन आणि नंतर सासरी जाताना हा लाल. कार्मेलिनाच्या माहेरी त्याचं कापड कापायचासुद्धा सोहळा असतो आणि तो तिनं आमच्या वाडीत रुजवला. पाहुणे जमतात, शिंपी कापड पसरतो, कापायला लागतो आणि मध्येच थांबून ‘कातर चालना नाय’ म्हणून कुरकुरतो. मग कोणीतरी ओरडतं, ‘कातरीक तान लागली!’ घरच्यांनी शिंप्याला वाइनचा ग्लास द्यायचा, अंगणात फटाके वाजवायचे, की कातर पुढे चालायला लागते.

ईस्टर झाल्यावरच्या रविवारी कार्मेलिनाच्याच घरी साडो होता. तिची एकुलती एक मेल्विना पणजीच्या शाळेत शिकवते. तिचं म्हापशाच्या सिडनीशी जमलं होतं आणि लग्न मेअखेरीला ठरलं होतं. पांढरा गाऊन मडगावहून भाड्यानं यायचा होता. त्याला कार्मेलिनाची काही हरकत नव्हती. ‘पांढरो खंयचोय हाड,’ ती मुलीला म्हणाली होती, ‘साडो मात्र माझ्या हातचो. माझो माझ्या आवयन शिवललो.’

नवरीची आई आणि शिंपी एकच, म्हटल्यावर पाहुण्यांना ऊत आला होता. कापडाचे दोन हात कापून झाले आणि कातर अडली. ओरडा झाला. तिचा नवरा विन्सेंट, होडीवर अर्धं आयुष्य घालवलेला शांत माणूस, ग्लास घेऊन आला. फटाके वाजले. कातर थोडी चालली आणि पुन्हा अडली. पुन्हा ग्लास, पुन्हा फटाके. तिसऱ्यांदा अडली तेव्हा लोक हसून लोळायचेच बाकी होते. ‘कार्मेलिना आंटी नाटकात होयी होती,’ असं कोणीतरी म्हणालं.

मी तिच्या अगदी शेजारी बसले होते. मला समारंभांचा कंटाळा आहे, त्यामुळे माझं लक्ष टाळ्यांत नसतं, इकडेतिकडे असतं. कार्मेलिनाचा उजवा हात कापडाच्या घडीखाली होता आणि ती तो झटकत होती, ओल्या हाताचं पाणी झटकावं तसा. चेहऱ्यावर हसू होतं, ते फक्त दातांचं. मग तिनं डाव्या हातानं उजव्या हाताचा अंगठा कातरीच्या कड्यात बसवला आणि सगळ्या देहाचा भार देऊन कापड कापलं.

माझी सगळी नोकरी पोस्टात गेली. आमच्याकडे शंकर म्हणून शिक्के मारणारा होता, तो असाच हात झटकायचा. पुढे त्याच्या हातातून शिक्का सुटायला लागला, आणि ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. त्या शंकरला शर्टाची बटणं लावायला आजही बायको लागते. साडो संपेपर्यंत मला तोच दिसत राहिला.

दोन-चार दिवसांनी ब्लाउजचं निमित्त काढून मी तिच्याकडे गेले. ती खिडकीशी बसून साड्याला कच्चे टाके घालत होती. लाल कापड, पांढरा दोरा. मला बघून म्हणाली, ‘ये गो. परत उसवूक हाडलंस? कितीदां सांगलंय, भात कमी खा.’

माझं लक्ष दोऱ्याकडे होतं. पांढरा दोरा मध्येच गुलाबी झाला होता. पुढे आणखी एका ठिकाणी. लाल कापडावर रक्त दिसत नाही, दोऱ्यावर दिसतं. तिच्या तर्जनीच्या टोकाला सुई टोचून थेंब आला होता आणि बाईसाहेबांना त्याचा पत्ताच नव्हता.

‘कार्मेलिना, बोट बघ.’

तिनं बघितलं. मग घाईघाईनं बोट तोंडात घातलं. ‘काय नाय ता. सुई लागली.’

‘लागली ती तुका कळली?’

तिनं बोट तोंडातून काढलंच नाही.

‘किती दिवस झाले?’

‘काय किती दिवस?’

तिच्याशी गोडीत बोलून काही निघत नाही, हे मला माहीत आहे. मी मशीनवरची कातर उचलून माझ्या पिशवीत टाकली आणि सरळ दाराकडे निघाले. तेव्हा बोलली. गणपतीच्या आधीपासून होतंय. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात पलंगाखाली सोडून झटकला की बरं वाटतं. आधी उजवा, आता थोडा डावापण. फोन धरला की मुंग्या. विन्सेंटच्या स्कूटरवर मागची दांडी धरली की मुंग्या. कप दोनदा फुटले, ते तिनं मांजराच्या नावावर घातले. बटणाला काजं करायला घेतली की बोटं दुसऱ्या कोणाची असावीत तशी वाटतात.

‘आणि त्या दिवशी साड्याक?’

आता मात्र ती चक्क हसली. ‘पयल्यांदा खरोच अंगठो हलना नाय झालो. आणि तुमी सगळी टाळये वाजवूक लागलास! मगे म्हटलंय, बरा झाला. जितक्यांदा अडात तितक्यांदा वाइन.’

मलाही हसू आलं आणि त्याचाच जास्त राग आला. सोसणं हा आमच्याकडच्या बायकांचा छंद आहे. दुखतंय म्हणायचं नाही, खोबरेल चोळायचं, तांब्याचं कडं घालायचं (ते तिनं घातलेलं होतंच) आणि वात आहे म्हणून मोकळं व्हायचं.

‘डॉक्टरकडे कित्याक जाणा नाय?’

‘डॉक्टर सांगतलो, शिवण बंद कर.’ तिनं साडो मांडीवर ओढून घेतला. ‘एकच चेडू आसा माझा, विनीता. ह्या वाडयेतल्या सगळ्यांच्या चेडवांचे साडे मी शिवलंय. माझ्याच चेडवाचो दुसऱ्यान शिवूचो? लग्न होवंदे. मगे हात तुटून पडांदे.’

‘तुका साडो शिवूचो आसा की शिवन झाललो बघूचो आसा?’ मी विचारलं. ‘हात गेलो तर तुझ्याकडसून पुढे एक बटाण लागाचा नाय. कातर तुका मिळाची नाय. फाल्यां सकाळच्या गाडयेन कुडाळाक.’

‘माझी कातर,’ ती म्हणाली.

‘तुझी. पण पिशवी माझी.’

कुडाळला तेजस्वी नावाच्या हाडांच्या डॉक्टर बाई बसतात. वयानं आमच्या मुलीएवढ्या, पण घाई करत नाहीत. कार्मेलिना दवाखान्यात शिरली आणि तिची मालवणी एकदम प्रमाण मराठी झाली. कचेरीत आणि दवाखान्यात आम्हा सगळ्यांचीच होते.

‘मुंग्या कुठल्या बोटांना येतात?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘अंगठा, त्याच्या शेजारची दोन आणि त्याच्या पुढच्याची अर्धी बाजू.’

‘करंगळीला?’

‘नाही. ती शहाणी आहे.’

डॉक्टर हसल्या. त्यांनी तिच्या दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं खाली वाकवून धरायला लावली. थोड्याच वेळात कार्मेलिना ‘इल्यो, इल्यो’ करायला लागली, म्हणजे मुंग्या आल्या. मनगटावर बोटानं टिचकी मारली तर बोटांत झिणझिण गेली. मग डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसाचा उंचवटा दाबून दाबून बघितला. शंकरचा तो उंचवटा बसून सपाट झाला होता.

‘इथलं मांस अजून उतरलेलं नाही,’ त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. ‘पण सुई टोचलेली कळत नाही, अंगठ्यात जोर नाही, म्हणजे वेळ घालवण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या जातात आणि त्यांच्याबरोबर एक नस जाते. दोऱ्यांना सूज आली की नस चेपते.’

‘म्हणजे आंगणेवाडीच्या जत्रेची एसटी,’ कार्मेलिना म्हणाली.

‘अगदी बरोबर. आणि नस म्हणजे त्यातली सगळ्यात बारीक बाई.’

मग प्रश्न सुरू झाले. कातर रोज किती तास चालते? मनगट वाकवून? पाळी कधी गेली? साखर आहे? घरात आणखी कोणाला असं होतं? शेवटच्या प्रश्नाला कार्मेलिना थांबली. आईला होतं, म्हणाली. आई म्हणायची, हातातून जीव गेला. तीसुद्धा शिवायची. ‘तेव्हा कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. वय झालं म्हणाले.’

‘अलीकडे वजन वाढलंय? थकवा येतो?’

कार्मेलिनानं भिंतीकडे बघितलं. इतकी वर्षं या बाईनं माझ्या कमरेवर भाषणं केली होती. ‘वाढलंय,’ मी सांगितलं, ‘चांगलंच वाढलंय. स्वतःच्या झग्यांच्या शिवणी तिनं गुपचूप सोडवल्या आहेत, मी बघितल्यात. आणि दुपारी मशीनवर डोकं ठेवून झोपते.’ त्या दिवसातला माझा सगळ्यात आनंदाचा क्षण तो.

रक्त तपासलं. साखर ठीक होती, पण थायरॉइड मंदावलेला निघाला. डॉक्टर म्हणाल्या की हातांची सूज त्यानंही वाढते, त्यामुळे गोळी आजपासून. मनगट सरळ राहावं म्हणून दोन्ही हातांना पट्टे दिले, रात्री झोपताना घालायचेच आणि उजवा दिवसाही जमेल तितका. उजव्या मनगटात एक इंजेक्शन दिलं. त्यानं आराम पडला नाही तर नसांची तपासणी आणि लहानसं ऑपरेशन, पण ते लग्नानंतर बघू, म्हणाल्या.

‘आणि शिवण?’ कार्मेलिनानं विचारलं.

‘लग्न होईपर्यंत कातर आणि सुई, दोन्हीला हात लावायचा नाही.’

परतीच्या एसटीत ती रडली. खिडकीकडे तोंड करून, आवाज न करता. मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून मी तिला म्हणाले की तू मरायला टेकलेली नाहीस, नाक पूस. ती पुसायला गेली तर हाताला पट्टा. शेवटी मीच पुसलं, रुमालानं, लहान मुलीचं पुसतात तसं.

शनिवारी मेल्विना घरी आली. पट्टा बघून तिचा चेहरा उतरला. सगळं ऐकून घेतल्यावर ती पटकन म्हणाली, ‘ममा, साडो विकत घेवया. म्हापशाक मेळता.’ प्रेमानंच म्हणाली. कार्मेलिना ‘बरा’ म्हणाली आणि आत निघून गेली. अर्धवट टाचलेला साडो मशीनवर तसाच पडला होता.

त्या ‘बरा’नं माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत निघाले आणि कार्मेलिनानं जिचा जिचा साडो शिवला आहे तिच्या तिच्या दारात उभी राहिले. ‘तुझो साडो कोणी शिवललो?’ विचारायचं, आणि उत्तर आलं की, ‘मगे चल.’ कोणी भाकरी तव्यावर टाकली होती, कोणाचं मूल अंघोळीला बसलं होतं. संध्याकाळपर्यंत कार्मेलिनाच्या पडवीत बायका मावेनात. पोरसवदा होत्या, पोरांच्या आया होत्या, आणि एक तर आता आजी झालेली होती, जिचा साडो कार्मेलिनानं स्वतः नवी नवरी असताना शिवला होता.

कार्मेलिना दारात येऊन उभी राहिली. ‘ह्यां काय?’

‘तुझे हात,’ मी म्हणाले. मला अशी वाक्यं जमत नाहीत, ते कसं तोंडून गेलं कोण जाणे. लगेच पुढे म्हणाले, ‘तू फक्त तोंड चालव. ता तुका जमता.’

आणि तिनं चालवलं! खुर्चीत बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, महिनाभर. बाही लावणारीला म्हणाली, ही बाही आसा की उशीचो अभ्रो? मशीनवर बसलेलीला म्हणाली, तू होडी चलवतंस काय, सावकाश घे. आजी झालेलीनं चष्मा लावून काजं केली, ती उसवायला लावली, पुन्हा केली, पुन्हा उसवायला लावली. कोणी रागावलं नाही. उसवायचं काम माझ्याकडे होतं, कारण मला साधं बटणही लावता येत नाही आणि ते तिनं रोज सगळ्यांना ऐकवलं. कधी मध्येच तिचा हात सुईकडे जायचा. मग मी त्यावर चापट मारायची आणि सगळ्या जणी हसायच्या.

घेराची खालची किनार कोणालाच नीट जमेना. कापड जड होतं, टाका सैल पडत होता. तेव्हा कोपऱ्यात बसून जाळं सांधणारा विन्सेंट उठला, हात धुऊन आला आणि म्हणाला, ‘दिया हयसर.’ बायकांनी तोंडाला पदर लावले. तो खाली बसला आणि त्यानं अशी काही टाक्यांची रांग ओढली की तोंडावरचे पदर खाली आले. एकसारखे, घट्ट, बारीक टाके. शेवटाला मात्र त्यानं सवयीनं जाळ्याची गाठ मारली.

‘ता जाळा न्हय, साडो आसा!’ कार्मेलिना ओरडली.

‘सुटाचो नाय,’ विन्सेंट शांतपणे म्हणाला आणि दोरा दातानं तोडला.

गोळी, पट्टे, इंजेक्शन यांचं काम आतल्या आत चालू होतं. एक दिवस सकाळी विन्सेंट कुंपणाशी आला, डोळे लाल. मी घाबरले. म्हणाला, ‘काल ती रातभर झोपली. एकदांय उठली नाय. माकाच झोप लागली नाय, सवय मोडली म्हणान.’ दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, पण विन्सेंटला थट्टा करता येत नाही.

साडो पुरा झाला आणि दाराच्या चौकटीला टांगला. सगळ्या जणी मागे सरून उभ्या राहिल्या, परीक्षेचा निकाल असल्यासारख्या. कार्मेलिनानं त्याला एक फेरी घातली. डावी बाही उजवीपेक्षा कणभर लांब होती आणि ते मलासुद्धा दिसत होतं. तिनं दोन्ही बाह्या एकमेकींना लावून बघितल्या.

‘माझ्या हातचो न्हय,’ ती म्हणाली. ‘माझ्या हातचो असतो तर इतक्या जणींचो झालो नसतो. रवांदे ती बाही.’ आणि मग सगळ्यांना चहा करायला निघाली, तेव्हा तिला खांद्याला धरून परत खुर्चीत बसवावं लागलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रोस होता. रोस म्हणजे आमची हळद म्हणा. हळदीऐवजी नारळाचं घट्ट दूध असतं. नवरीला अंगणात पाटावर बसवतात, गाणी म्हणतात आणि सगळे जण तिला दुधानं माखतात. पहिला मान आईचा. कार्मेलिनानं उजव्या हाताचा पट्टा सोडून माझ्याकडे दिला. वाडग्यात बोटं बुडवली, मेल्विनाच्या कपाळावर क्रूस काढला, गालांवरून हात फिरवला, गळ्यावरून, हनुवटीखालून. आणि तिथे तिचा हात थांबला.

गाणं चालू होतं, मागच्या बायका पुढे रेटत होत्या. मला वाटलं, पुन्हा मुंग्या आल्या. मी पट्टा घेऊन पुढे झाले.

‘हयसर,’ ती म्हणाली. मला नाही, मुलीला. ‘हयसर तुका लागललां. पप्पाच्या होडयेरसून पडललंस तेव्हा. चार वर्सांचा होतंस.’

मेल्विना डोळे मिटून बसली होती, पापण्यांवरून दूध ओघळत होतं. ‘ममा, ती खूण दिसता अजून?’

‘दिसणा नाय गो,’ कार्मेलिना म्हणाली. ‘माका बोटाक लागता. बारीक दोऱ्यासारखी. लागता माका, विनीता! बोटाक लागता!’

मला रडू आलं आणि मी रडले, सगळ्यांसमोर, हातात पट्टा घेऊन. मागून कोणीतरी वाडगाभर रोस नवरीच्या डोक्यावर ओतला, त्यातला अर्धा माझ्यावर आला. कार्मेलिनाला त्याचं काही नव्हतं. तिनं हनुवटीखालून बोट परत एकदा फिरवलं, मग आणखी एकदा, आणि बाकीच्या बायका आपली पाळी मागत ओरडत राहिल्या तरी ती तिथून उठली नाही.